सैनिकी स्मारक नाणी : संग्राहकांचे नेहमीचे प्रश्न

पुण्या-मुंबईच्या नाणे प्रदर्शनांत टेबल लावून बसलो की दिवसभर तेच ते प्रश्न येतात. काही उत्साहाने विचारलेले, तर काही मोबाइलवर आलेला मेसेज दाखवून, ‘‘काका, हे खरं आहे का?’’ असे. शेवटी उत्तरे एकदा नीट लिहून काढली. भर भारतीय नाण्यांवर आहे. पण किमती कशा चढतात आणि पडतात हे समजायला अमेरिकेची उदाहरणे सोयीची, कारण तिथे किती नाणी विकली गेली याचे आकडे उघड असतात.

सैनिकी स्मारक नाणे कशाला म्हणायचे?

सरकारने आपल्या टाकसाळीत पाडलेले, दर्शनी मूल्य असलेले, आणि युद्ध, सेनादल, सेनानी किंवा सैनिकांच्या स्मृतीसाठी काढलेले नाणे. यातली सरकार आणि दर्शनी मूल्य ही पहिली दोन लक्षणे महत्त्वाची. ती नसतील तर हातात पदक किंवा टोकन असते, मग त्यावर कितीही तोफा कोरलेल्या असोत.

भारतात अशी कोणकोणती नाणी निघाली आहेत?

स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ चे, पंडित नेहरूंचे. सैनिकी विषय त्यामानाने उशिरा आला आणि आजही मोजकाच आहे. रोजच्या व्यवहारात आलेल्यांपैकी १९९९ चे शिवाजी महाराजांचे अकरा बाजूंचे दोन रुपये मराठी घरात सर्वांत जास्त जपलेले. नेताजींच्या जन्मशताब्दीचे दोन रुपये त्याच दशकातले. १८५७ च्या लढ्याला दीडशे वर्षे झाली तेव्हा २००७ चे पाच रुपये निघाले. त्यानंतर २०१५ मध्ये १९६५ च्या युद्धाच्या सुवर्णमहोत्सवाचे पाच रुपये आले, त्यावर अमर जवान स्मारक आहे. हे नाणे मला पहिल्यांदा एसटीच्या कंडक्टरने सुट्ट्यात दिले. तिकिटासोबत खिशात टाकले आणि घरी आल्यावर चहाचा कप बाजूला सरकवून दिव्याखाली धरले, तेव्हा कळले काय मिळाले ते. कडेला ओरखडा आहे, विकायला गेलो तर पाचच रुपये येतील, पण ते मी अजून खर्चलेले नाही.

येवल्यात जन्मलेल्या तात्या टोपेंच्या द्विजन्मशताब्दीला दहा आणि दोनशे रुपयांची जोडी निघाली. महाराणा प्रतापांची दहा आणि शंभरची जोडी आहे. फक्त संग्राहकांसाठी काढलेल्यांत २०१८ चे ७५ रुपये मला विशेष आवडते. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्याच्या पंचाहत्तरीचे हे नाणे : पार्श्वभूमीला सेल्युलर जेल, समोर झेंड्याला सलामी देणारे नेताजी. २०२१ मध्ये नेताजींच्या सव्वाशेव्या जयंतीचे १२५ रुपये आले. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या करिअप्पा परेड ग्राउंडवर एनसीसीच्या पंचाहत्तरीचे ७५ रुपये निघाले. एनसीसीचे हे नाणे घ्यायला येणाऱ्यांत नाणेसंग्राहक थोडेच असतात. बहुतेक जण कॉलेजात ‘सी’ सर्टिफिकेट काढलेले, आता पन्नाशी-साठीतले. नाणे उलटसुलट करतात आणि आपल्या कॅम्पची गोष्ट सांगायला लागतात. अशा गिऱ्हाईकाशी मला घासाघीस करवत नाही.

शिवाजी महाराजांच्या दोन रुपयांना लाखो मिळतात म्हणे?

नाही. घरोघरी डब्यात ठेवलेले ते नाणे लाखो सोडा, बहुतेक वेळा शे-दोनशेलाही जात नाही. वापरून झिजलेले असेल तर त्याची किंमत दोन रुपये. कोरे, चकचकीत, टाकसाळीतून आले तसे असेल तर थोडे जास्त मिळते. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांबद्दलही असेच मेसेज फिरतात. ते खोटे असतातच, शिवाय बहुतेकदा सापळाही असतात. ‘तुमचे नाणे आम्ही पाच लाखांना घेतो, आधी नोंदणी फी भरा’ म्हणतात, मग जीएसटी, मग फाइल चार्ज. ज्याला विकत घ्यायचे आहे तो तुमच्याकडेच पैसे का मागेल? रिझर्व्ह बँकेचे नाव आणि चिन्ह वापरून असे प्रकार चालतात, म्हणून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की असल्या व्यवहारांत आमचा काही संबंध नाही आणि आम्ही कसलेही कमिशन मागत नाही. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांचे अशा ‘फी’मध्ये अठरा हजार गेले. नाणे अजून त्यांच्याकडेच आहे.

मग किंमत नक्की ठरते कशावर?

हाच खरा प्रश्न, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

लोकांना वाटते विषय जितका मोठा तितकी किंमत मोठी. तसे होत नाही. किती नाणी पाडली आणि किती जणांना हवी असून मिळाली नाहीत, या दोन गोष्टींतल्या अंतराला किंमत येते. शौर्य नाण्याच्या पुढच्या बाजूवर असते, भाव या अंतरात असतो.

अमेरिकेची दोन नाणी शेजारी ठेवून बघा. २००५ मध्ये मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाच्या २३० व्या वर्धापनदिनाचा चांदीचा डॉलर निघाला. त्यावर दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावर झेंडा उभारणारे सैनिक. अमेरिकन माणसाला यापेक्षा जवळचे युद्धचित्र क्वचितच असेल. कमाल मर्यादा पाच लाखांची होती, मागणी एवढी आली की ती सहा लाख केली, आणि सगळी विकली गेली. विक्रीच्या दृष्टीने झकास. पण सहा लाख नाणी बाजारात गेली म्हणजे ज्याला ज्याला हवे होते त्याला बहुधा मिळालेच. परिणामी आजही ते नाणे चांदीच्या भावाच्या फार वर गेलेले नाही.

आता दुसरे. दुसरे महायुद्ध संपल्याच्या पंचाहत्तरीला, ५ नोव्हेंबर २०२० रोजी, अमेरिकन टाकसाळीने नेहमीच्याच ‘अमेरिकन ईगल’ नाण्यावर एक इवलीशी खूण टाकली : ‘व्ही ७५’. या अक्षरांभोवतीची चौकट म्हणजे वॉशिंग्टनच्या युद्धस्मारकातल्या तळ्याचा वरून दिसणारा आकार. बाकी नाणे तेच. सोन्याची नाणी फक्त १९४५, युद्ध संपल्याच्या सालाइतकीच, प्रत्येकी २६०० डॉलर. चांदीची ७५ हजार, प्रत्येकी ८३ डॉलर. एका घराला एकच. दुपारी बाराला विक्री सुरू झाली आणि संकेतस्थळ अडखळू लागले. लोक पान पुन्हा पुन्हा लोड करत बसले, आणि सोन्याची नाणी काही मिनिटांत संपली. त्याच आठवड्यात पुनर्विक्रीचे भाव मूळ किमतीच्या कित्येक पट झाले. इवो जिमासारखे चित्र नाही, नवी रचना नाही, फक्त तांदळाच्या दाण्याएवढी खूण आणि रिकाम्या हाताने परतलेले हजारो लोक.

आणखी एक गंमत. १९९४ मध्ये अमेरिकेने युद्धकैदी, व्हिएतनाम स्मारक आणि सैन्यातल्या स्त्रिया अशा तीन विषयांवर चांदीचे डॉलर एकदम काढले, प्रत्येकाची मर्यादा पाच लाख. त्या दोन-तीन वर्षांत स्मारक नाण्यांचा असा पूर आला होता की गिऱ्हाईक थकले. युद्धकैद्यांच्या डॉलरची प्रूफ, म्हणजे आरशासारखी चकाकी दिलेली, नाणी सव्वादोन लाखांच्या आसपास खपली, पण साधी, म्हणजे अनसर्क्युलेटेड, जेमतेम ५५ हजार. तेव्हा दुर्लक्षित राहिलेली हीच साधी नाणी आज प्रूफपेक्षा जास्त भाव खातात. पुढे १९९६ मध्ये अमेरिकेने कायदाच केला आणि १९९९ पासून वर्षाला दोनच स्मारक विषय ठेवले.

हा धडा जुनाच आहे. अमेरिकन यादवी युद्धातल्या अँटिएटमच्या लढाईच्या पंचाहत्तरीला १९३७ मध्ये अर्ध्या डॉलरची ५० हजारांवर नाणी पाडली, त्यातली ३२ हजार न खपल्याने परत टाकसाळीत जाऊन वितळली. उरली १८ हजार. जे तेव्हा कोणाला नको होते, त्यासाठी आज संग्राहक रांग लावतात.

या विक्रीतून सैनिकांना काही मिळते का?

अमेरिकेत मिळते, आणि कायद्यानेच. स्मारक नाण्याच्या किमतीत अधिभार धरलेला असतो. चांदीच्या डॉलरवर सहसा १० डॉलर, सोन्याच्या पाच डॉलरच्या नाण्यावर ३५. मरीनच्या सहा लाख नाण्यांतून साठ लाख डॉलर उभे राहिले आणि ते व्हर्जिनियातल्या क्वांटिको इथल्या मरीन वारसा केंद्राकडे गेले. त्यामुळे तिथे निवृत्त सैनिक पाच-पाच नाणी घेतात, गुंतवणूक म्हणून नव्हे, वर्गणी म्हणून. आपल्याकडच्या नाण्यांत असा अधिभार नसतो. सैनिकांसाठी काही करायचे असेल तर ध्वजनिधीला थेट पैसे द्या, नाणे वेगळे घ्या.

प्रूफ आणि यूएनसी यात फरक काय? कोणते घेऊ?

प्रूफ नाण्यासाठी साचा आणि चकती दोन्ही पॉलिश करतात आणि जास्त दाबाने, सावकाश ठसा उमटवतात. पार्श्वभूमी आरशासारखी, चित्र दुधी. यूएनसी म्हणजे अनसर्क्युलेटेड, वापरात न गेलेले, पण साध्या ठशाचे. भेट द्यायची असेल, कपाटात दिसायला हवे असेल तर प्रूफ. मी स्वतः यूएनसी घेतो, कारण प्रूफवर एक बोट लागले तरी ते मरेपर्यंत दिसते.

भारतीय स्मारक नाणी घ्यायची कुठून?

सरकारी टाकसाळी चार : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. त्या सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत येतात आणि तिच्याच संकेतस्थळावर नाण्यांची नोंदणी होते. पूर्वी डिमांड ड्राफ्ट काढून फॉर्म पाठवावा लागे आणि मग महिनोन् महिने पोस्टमनची वाट बघायची. आता ऑनलाइन पैसे भरता येतात. लोकप्रिय नाण्याची खिडकी उघडली की लवकर हात मारा, संपले की डीलरकडे जावे लागते.

डीलरकडून घेताना मूळ पाकीट आणि माहितीपत्रक आहे का ते बघा. एका विक्रेत्याने मला ‘टाकसाळीचा मूळ संच’ म्हणून एक पाकीट विकले. घरी येऊन नाणे काढले तर मागच्या फोमवर दुसऱ्याच, लहान नाण्याचा ठसा उमटलेला. पाकीट खरे होते, नाणेही खरे होते, फक्त दोघांची ओळख अलीकडची होती.

कोणत्या टाकसाळीचे आहे ते कसे ओळखायचे?

सालाच्या खाली बघा. हिऱ्यासारखा चौकोन असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर रोमन ‘एम’ अक्षर दिसते. एकाच विषयाचे चारही टाकसाळींचे नाणे जमवणे हा स्वस्तातला आणि वेळखाऊ छंद आहे, मुलांना लावायला उत्तम.

चांदीची गुंतवणूक म्हणून घेतली तर?

आधी गणित मांडा. पोर्ट ब्लेअरच्या ७५ रुपयांसारखी नाणी ४४ मिलिमीटर व्यासाची, ३५ ग्रॅम वजनाची, पण त्यात चांदी निम्मीच. उरलेल्यात ४० टक्के तांबे, पाच टक्के जस्त, पाच टक्के निकेल. म्हणजे हातात साडेसतरा ग्रॅम चांदी. सराफाकडे मोडीत घातले तर तो तेवढीच धरेल, आणि मिश्रधातू म्हणून घटही काढेल. अलीकडच्या काही नाण्यांत ४० ग्रॅम शुद्ध चांदी येऊ लागली आहे, तिथे गणित बदलते. तरीही नुसती चांदी हवी असेल तर सराफाचे नाणे किंवा वीट घ्या. स्मारक नाण्यात तुम्ही घडणावळीचे आणि विषयाचे पैसे मोजलेले असतात, आणि सराफाच्या काट्यावर विषयाला वजन नसते.

ही नाणी दुकानात चालतात का?

एक, दोन, पाच, दहा रुपयांची चलनात आलेली स्मारक नाणी बिनदिक्कत चालतात, दुकानदाराने कुरकुर केली तरी. ७५ किंवा १२५ ची नाणी चलनासाठी काढलेलीच नसतात. हजारांच्या घरात किंमत मोजून घेतलेले नाणे ७५ रुपयांच्या भाजीला कोण देणार?

पणजोबांचे पहिल्या महायुद्धातले चांदीचे ‘नाणे’ आहे, काय किंमत येईल?

हा प्रश्न सातारा-सांगली-कोल्हापूरकडून हमखास येतो. मागे एक तरुण आला होता, रुमालाच्या गाठीत काहीतरी बांधून. गाठ सोडली तर आत राजा पंचम जॉर्जचा चेहरा असलेली चांदीची गोल चकती. रिबिनीची कडी तुटलेली, म्हणून घरात सगळे तिला नाणेच म्हणत आलेले. मी भिंग घेऊन कड फिरवली. बारीक अक्षरांत नंबर, ‘सिपाही’ हा हुद्दा, नाव आणि मराठा पलटणीचा क्रमांक. ‘‘हे वाचता येतं?’’ म्हणाला. नाव त्याला मोठ्याने वाचून दाखवले, तर तो गप्पच झाला. घरात त्या नावाने हाक मारणारे आता कोणी उरले नव्हते.

ते नाणे नसते, ‘ब्रिटिश वॉर मेडल’ असते. त्याची किंमत चांदीत नसून कडेवरच्या अक्षरांत असते. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेल्या आणि १९१५-१६ च्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. अशा पलटणीचा क्रमांक कडेवर असेल तर पदकांचे संग्राहक चांगले पैसे देतात. सराफ मात्र ते वितळवून टाकेल आणि अक्षरे कायमची जातील. माझे मत विचाराल तर विकू नका. त्या तरुणाला मी तेच सांगितले, आणि कडी झाळून घेण्याआधीही एकदा विचार कर म्हटले.

रेजिमेंटची ‘चॅलेंज कॉइन’ याच प्रकारात येतात का?

नाही. ती तुकडीने किंवा अधिकाऱ्याने स्वतः बनवून घेतलेली पदके, सरकारी मूल्य शून्य. जमवणारे आहेत, भाव ओळखीपाळखीने ठरतात, आणि कोणी कोणाला दिले ही हकीकत नसेल तर उरतो फक्त पितळेचा तुकडा.

रंगीत सैनिकी नाणी खरी असतात का?

असतात. कॅनडाने २००४ मध्ये पंचवीस सेंटच्या चलनी नाण्यावर लाल पॉपीचे फूल रंगवले, युद्धात पडलेल्यांच्या आठवणीसाठी. चलनात आलेले ते पहिलेच रंगीत नाणे. पुढे काही अमेरिकन लष्करी कंत्राटदारांना खिशात ते नाणे सापडले आणि त्यावरचे आवरण बघून त्यांना हेरगिरीचे यंत्रच वाटले. वर रीतसर अहवाल गेले, सावधगिरीच्या सूचनाही निघाल्या. २००७ मध्ये उलगडा झाला की तो गुप्त प्रकार म्हणजे फुलावरचा रंग टिकावा म्हणून दिलेला मुलामा.

कॅनडाचेच दुसऱ्या महायुद्धातले पाच सेंटचे नाणे मिळाले तर जरूर घ्या. कडेजवळ बारीक टिंबे आणि रेघा आहेत. नक्षी वाटते, पण तो मोर्स कोडमधला संदेश आहे : मनापासून काम करू तेव्हा जिंकू. असे नाणे परदेशी जुड्यांत अजूनही अगदी किरकोळ किमतीला सापडते.

जपायचे कसे? चिंच-मीठ लावून चकचकीत करू का?

अजिबात नाही. घासलेले नाणे अनुभवी माणूस दोन हात लांबून ओळखतो आणि भाव निम्म्यावर आणतो. कडेने धरा, मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांत ठेवू नका, त्यातले रसायन वर्षा-दोन वर्षांत नाण्यावर हिरवट चिकटा आणते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि हो, देवघरात ठेवले असेल तर हळद-कुंकवापासून लांब.

मुलगा न्यू जर्सीत असतो. तिकडून काय आणायला सांगू? इकडून काय पाठवू?

त्याला २०२० चे पंचवीस सेंट शोधायला सांगा. वेस्ट पॉइंट टाकसाळीत त्या वर्षी पाच प्रकारांची प्रत्येकी वीस लाख नाणी ‘व्ही ७५’ खुणेसह पाडली आणि साध्या सुट्ट्यांतच मिसळून दिली. सोन्याच्या नाण्यासाठी रांग लावलेल्यांना जे जमले नाही, ते लाँड्रीच्या सुट्ट्यांत सापडू शकते. पुढच्या बाजूला इंग्रजी डब्ल्यू आणि त्याजवळ ती छोटी खूण, एवढेच बघायचे. फार महाग नाही, पण सापडल्याचा आनंद दांडगा.

इकडून मात्र शिवराई, म्हणजे मराठेशाहीतले तांब्याचे नाणे, पाठवू नका. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेता येत नाही, मग ते पाकिटात एक असो की पिशवीत शंभर. त्यापेक्षा १९९९ चे महाराजांचे दोन रुपये पाठवा.